पेनवाला लॅपटॉप आणि पाचवा ठिपका

८ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी २०१९ ची आहे, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. आजच्या पानावर रविवार छापलाय, त्यामुळे रोज एक वार पुढे धरायचा. लिहायचं कारण एवढंच की मला लॅपटॉप घ्यायचाय, आणि डोक्यात इतकी माहिती झालीय की कुठेतरी उतरवली नाही तर डोकं फुटेल. घरात ऐकायला कोण आहे? लेक आरती शिकायला पुण्याला. आणि हे, म्हणजे वैजनाथराव, माझे यजमान आणि नेवाशातल्या आमच्या फोटो स्टुडिओचे मालक, सगळं ऐकून म्हणतात, "तुझं चालू दे."

पितृपंधरवडा लागलाय. आमचा धंद्याचा पंधरवडा. लोक आधार कार्ड आणतात, लग्नातला घोळका आणतात आणि म्हणतात, ह्यातले आमचे आबा मोठे करून द्या. मी आबांना घोळक्यातून बाहेर काढते, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसते, डोक्यावर फेटा बसवते, मिटलेले डोळे उघडते. फोटो हे काढतात, चेहरे मी साफ करते. बावीस वर्षं झाली, सगळं माऊसवर. आता मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, माऊस बंद करा. म्हटलं, डॉक्टर, त्या उंदरावरच आमचं घर चालतंय.

मग आरतीने एक व्हिडिओ पाठवला. एक मुलगी लॅपटॉपच्या स्क्रीनवरच पेन टेकवून म्हातारीचे पांढरे केस काढतेय, एकेक केस वेगळा. मी तो अकरा वेळा बघितला. बाराव्यांदा बघताना हे म्हणाले, "डोळे जातील."

९ सप्टेंबर

हे एसटीने नगरला गेलेत. मोटरसायकल असताना एसटी कशाला, विचारलं तर म्हणे गाडी पंक्चर आहे. मी चाक दाबून बघितलं, चांगलं टणक आहे. नक्की ड्रोन बघायला गेलेत. गेल्या वर्षीपासून ड्रोनचं खूळ आहे डोक्यात. बघू या कोण आधी काय आणतंय ते.

१३ सप्टेंबर

आज एक मोठा शोध लागला. पेनाचा दाब मोजतात म्हणे. एकाला ४०९६ पातळ्या, दुसऱ्याला ८१९२. चार दिवस मी विचार करत होते की एवढ्या पातळ्या मोजल्या कोणी आणि मला त्या घेऊन काय करायचंय. सकाळी दारात रांगोळी काढताना एकदम उजेड पडला. चिमूट आवळली की रेघ बारीक, सैल सोडली की जाड. ते पेन म्हणजे चिमूटच की! माऊसला हे कुठून येणार, त्याचं एक बोट आणि एकच आवाज, टक. हा विचार करत उभी राहिले आणि आत दूध उतू गेलं.

बाकीचं आजवर जमवलेलं असं. काही लॅपटॉपचा स्क्रीन पार मागे दुमडतो, मग पाटीसारखा मांडीवर घेता येतो. काहींमध्ये पेन आत खोचलेलं असतं, काहींचं वेगळं विकत घ्यावं लागतं आणि हे दुकानदार शेवटी सांगतो. काहींवर टोक टेकतं एकीकडे आणि रेघ उमटते केसभर बाजूला. आणि हाताची कड स्क्रीनवर टेकली तर लॅपटॉपला कळलं पाहिजे की हे पेन नव्हे, बाईचा हात आहे. हे सगळं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सोळा इंची घे."

"सोळा इंचीत पेनवाला आपल्याला झेपत नाही. आणि मांडीवर परातीएवढं घेऊन मी काढू काय?"

"पेनाचं सोड गं. स्क्रीन मोठा पायजे."

"तुम्हाला काउंटरवर मोठा दिसायला पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक दबकतंय."

हे उठून काउंटर पुसायला लागले.

खरं कारण मी त्यांनाही सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मला नुसतं पुसायचं नाहीये. शाळेत एलिमेंटरी चित्रकलेला मला ए ग्रेड होती. इंटरमिजिएटला ब्रश घरी विसरले आणि बोटाने रंगवून आले, नापास. तेव्हापासून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे डाग काढतेय. एकदा तरी स्वतःच्या हाताने काही काढून बघायचंय.

१७ सप्टेंबर

शाळेतल्या एका गुरुजींच्या निरोप समारंभाचे फोटो उघडले. अर्ध्या फोटोंत गुरुजी पुसट आणि मागचा फळा स्वच्छ. ह्यांना म्हटलं, लेन्स गेली. ते म्हणाले, "व्हय, लेन्स गेली आसंल." बरं, बदलायलाही तयार नाहीत.

एक गोष्ट मात्र सुखाची. पूर्वी माझं काम प्रिंटला जायच्या आधी हे डोळ्यात तेल घालून बघायचे आणि चूक काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. कान मोठा झालाय, पदराची सावली उलटी पडलीय. मी चिडायचे. आता तीन महिने झाले, बघतात आणि म्हणतात, "छान." काल शेवगावकडच्या भीमाबाईंची फ्रेम दाखवली. जुना भिजका फोटो, चेहराभर बुरशीचे ठिपके, सगळे एकेक करून काढले. कातडी अशी स्वच्छ की बघत राहावं. हे म्हणाले, "छान. दे." बावीस वर्षांनी हात बसला म्हणायचा माझा.

२२ सप्टेंबर

आज घट बसले आणि आज माझी शोभा झाली.

दुपारी भीमाबाईंची मुलं आली. सहादेव आणि त्याची बहीण लंकाबाई, दोघंही ऊसतोडीला जाणारे. फ्रेम टॉवेलात गुंडाळलेली. लंकाबाईने ती काउंटरवर पालथी ठेवली. मला वाटलं काच फुटली.

"ताई, ही कोन हाय?"

"तुमची आई. भीमाबाई."

"ही आमची आई न्हाई."

मी आपलं नेहमीचं विचारलं, रंग जास्त उजळला का, कमी करून देते. लंकाबाईने स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं. तिथे हिरवट ठिपके होते. "हितलं गोंदण कुटं गेलं?"

बुरशी समजून मी एकेक ठिपका शोधून शोधून काढला होता. त्यातले कुठले बुरशीचे आणि कुठले भीमाबाईंचे, मला काय ठाऊक? पण मी विचारायला हवं होतं. त्या वयाच्या बाईच्या हनुवटीवर काय असतं, हे नेवाशात राहून मला कळू नये?

लंकाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली. "आई गेली तवा कानातलं काडलं, हातातलं कडं काडलं. समदं काडून घेत्यात, रीतच हाय. गोंदण तेवढं तिच्यासंगं गेलं, ते कुनाला काडता येत न्हाई. आन् तुमी ते बी काडलं."

सहादेव म्हणाला, "अकरा तारखेला वरीसश्राद्ध हाय. दिवाळी झाली की आमची टोळी कारखान्यावर जाणार. मग सा म्हैने घराला कुलूप. आईला घरात ठिवून जायचं हाय ताई, तिच्या तोंडानिशी."

मी म्हटलं, करून देते. कसं ते माहीत नव्हतं. तेवढ्यात हे आतून म्हणाले, "व्हय, हनुवटीवर हुतं गोंदण. तो फोटो मीच काढला व्हता, लग्नात."

ती दोघं गेल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. माहीत होतं तर फ्रेम दाखवली तेव्हा का नाही बोललात? माझी फजिती बघायची होती? सोळा इंची घेत नाही म्हणून राग काढलात ना? हे चपला घालून बाहेर निघून गेले. जाऊ देत. मीही बोलणार नाही.

२४ सप्टेंबर

लग्नातला मूळ फोटो पुन्हा बघितला. नऊ माणसं, भीमाबाईंचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. त्याची दुसरी प्रत नाही, तेव्हाची हार्डडिस्क केव्हाच गेली. ठिपके एवढे की कुठलाही गोंदण म्हणून खपेल.

माऊसने करून बघितलं. पापडावर जिरं चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. गोंदण कातडीच्या आत असतं, कडेने विरघळलेलं, आणि माझे ठिपके सगळे वर बसलेले, सारखे गोल. अकरा वेळा केलं, अकरा वेळा पुसलं. मनगटाला गरम पाण्याची पिशवी लावून लिहितेय. पेनाशिवाय हे व्हायचं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

नगरला जाऊन आलो. अबोला एसटीतच सुटला, कारण तिकिटावर किती लिहिलंय ते ह्यांनी मला विचारलं. चष्मा घरी राहिला म्हणे.

दुकानदार सॅम नावाचा, टापटीप माणूस, दुकानात येशूची तसबीर. मी पर्समधून हळदीची आणि कुंकवाची पुडी काढून टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "ताई, पूजा विकत घेतल्यावर करतात."

म्हटलं, "भाऊ, ही पूजा नव्हे, परीक्षा आहे." माझ्या कामात निम्म्या बायका कुंकवाच्या असतात. स्क्रीनवर कुंकू नारिंगी दिसलं आणि मी ते लाल करत बसले, तर प्रिंटमध्ये काळं येतं. मी पेनड्राइव्हवरून कुंकवाचा आणि हळदीचा फोटो लावला आणि प्रत्येक स्क्रीनशेजारी पुडी धरली. पहिल्यावर कुंकू वीटकरी. दुसऱ्यावर एवढं भडक की मिरचीची पूड. तिसऱ्यावर पुडीतलं आणि स्क्रीनवरचं एकच. सॅमभाऊ म्हणाले, "बारा वर्षं धंदा करतोय, असं गिऱ्हाईक बघितलं नाही." मग त्यांनीच पुढच्या दोन लॅपटॉपशेजारी पुडी धरून बघितली.

मग पेन. हळूहळू तिरक्या रेघा ओढल्या. पहिल्यावर रेघ थरथरत नागमोडी गेली. मी म्हटलं, मला कापरं भरलं का काय! तिसऱ्यावर तीच रेघ सरळ. हात टेकवला, काही उमटलं नाही. अलगद टेकवलं तर धुरासारखं, दाबलं तर गच्च. मी एक ठिपका काढला, मग दुसरा, मग भान राहिलं नाही. चौदा इंची, दुमडणारा, पेन आतच खोचलेलं.

हे तेवढ्या वेळात सोळा इंचीपुढे उभे. अगदी नाक लावून बघत होते, मला लाजच वाटली. मला म्हणाले, "तुझं काम ह्याच्यावर लाव बरं." लावलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्याच्यावर बरं दिसतंय."

"त्याला पेन चालत नाही."

त्यांनी सोळा इंचीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुला पायजे तो घे. काम तुझं हाय."

जिंकले! दसऱ्याला न्यायचा ठरला. पायऱ्या उतरताना ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भर बाजारात, लोकांदेखत! लग्नाला पंचवीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. एसटीत बसेपर्यंत माझे गाल गरम होते.

२ ऑक्टोबर, दसरा

लॅपटॉप आला. झेंडूचा हार घातला तर कीबोर्डात पाकळ्या. हे कुंकू लावायला गेले आणि झाकणावर लावायचं सोडून टेबलावर लावलं. म्हटलं, लक्ष कुठंय? म्हणाले, "टेबलाची बी पूजा पायजे की."

दिवसभर काढत बसले. आधी झेंडू, मग आमची कपबशी, मग ह्यांचं नाक. नाक जमलं. ह्यांना दाखवलं, म्हणाले, "छान." आपलंच नाक आहे, हे ओळखलंसुद्धा नाही!

७ ऑक्टोबर, मंगळवार

हे नगरला. ड्रोनचं काही कळत नाही, विचारलं की विषय बदलतात.

लंकाबाईला बोलावून घेतलं होतं. शेजारी बसवलं, लॅपटॉप मांडीवर दुमडून घेतला. म्हटलं, तुम्ही सांगा, मी काढते. आधी कपाळावरची उभी रेघ आणि तिच्यावरचा ठिपका झाला. रंग मी काळा घेतला होता. ती म्हणाली, "काळं न्हवं, हिरवं. शिळ्या पालकाच्या भाजीवानी." दोन बोटांनी चिमूट धरल्यासारखं पेन धरलं आणि अलगद टेकवत गेले. रंग कातडीत उतरला.

हनुवटीवर पाच. चार एका ओळीत काढले, पाचवा त्यांच्या शेजारी.

"न्हाई, त्यो खाली. घसरलेला."

"घसरलेला कसा?"

"आई नऊ वर्साची हुती. गोंदताना समद्या पोरी रडत्यात. आजीनं डोस्कं गच धरलं हुतं, गोंदणारणीनं चार टाकलं, आन् पाचव्याला आईला हसाया आलं. सुई घसरली. मग जलमभर कुनी इचारलं की ती गोष्ट सांगायची आन् परत हसायची."

मी पाचवा खाली घेतला. लंकाबाई म्हणाली, "आजून जरासा." घेतला. मग तिने हात पुढे करून आईच्या गालाला बोट लावलं आणि स्क्रीनवर गालभर काळी रेघ उमटली. हाताची कड त्या लॅपटॉपला कळते, पण लेकीचं बोट काही कळलं नाही.

"अगं बाई! मी काय केलं? गेली का आई?"

"काही नाही गेलं," म्हणून मी रेघ मागे घेतली. दोघी हसलो, आणि हसता हसता दोघी रडायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडावरचं काही पुसलं नव्हतं, तोंडावर हाताने काही काढलं होतं.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. "छान." मी खवळले, "अहो, नीट बघा तरी! मागं असंच छान म्हणालात आणि काय झालं?" म्हणाले, "तू काढलंयस म्हंजी नीटच आसंल." अशा बोलण्यावर काय भांडणार?

१० ऑक्टोबर

सहादेव फ्रेम घेऊन गेला. बघितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "आता कुलूप लावून जाता यील." जेवायला बोलावलंय उद्या. पुन्हा टॉवेलातच गुंडाळून नेली, पण ह्या खेपेला छातीशी धरून.

१२ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

पेनाच्या जास्तीच्या निबा सापडेनात, म्हणून ह्यांची कॅमेऱ्याची बॅग उपसली. तळाशी एक कार्ड निघालं. नगरचा डोळ्यांचा दवाखाना. तारखा जूनपासूनच्या. ९ सप्टेंबर आहे, ७ ऑक्टोबर आहे. पुढची १४.

कार्ड घेऊन काउंटरवर गेले. ते नुसते बसले होते.

"अहो, हे काय?"

"वाचलंस ना."

"मला काय सांगितलंत? गाडी पंक्चर!"

"साखरेनं पडदा खराब झालाय म्हंत्यात. लेझर चालू हाय. गेलं त्ये येत न्हाई, राह्यलंय त्ये राखता येतंय."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं आसतं तर तू लॅपटॉपचं नाव टाकलं आसतंस."

टाकलं असतं. त्याच दिवशी. मला खोटं बोलता येईना. आणि मग एकेक करून सगळं समोर यायला लागलं. गुरुजी पुसट आणि फळा स्वच्छ. तिकीट. टेबलावरचं कुंकू. खांद्यावरचा हात, ज्याने मी लाजले होते. बाकी सगळ्यांचे चेहरे मी बोटभर अंतरावरून बघते आणि माझ्या माणसाचा चेहरा चार महिने बघितला नाही. स्वतःचीच लाज वाटली.

"मग सोळा इंचीचा हट्ट..."

"तुझं काम दिसावं म्हनून. चौदावर निस्तं धुकं दिसतंय गं."

"आणि ते छान, छान?"

"कायतरी म्हनाया तर पायजे हुतं."

मी बरंच बोलले. रागाने बोलले, रडून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, दिवाळीनंतरची लग्नं तू घे, कॅमेरा तू धर, मी लाईट धरतो. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी मंगळवारी मी तुमच्यासोबत येणार.

मग मी लॅपटॉप आणला, दुमडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. भीमाबाईंचा चेहरा उघडला. स्क्रीनवर दोन बोटं टेकवली आणि फाकवली. चेहरा वाढला. कपाळ वर निघून गेलं, डोळे गेले, नाक गेलं. नुसती हनुवटी राहिली.

"दिसतंय?"

"न्हाई."

अजून फाकवली. एकेक ठिपका लिंबाएवढा झाला. ते वाकले, मान तिरकी करून एका बाजूने बघायला लागले.

"थांब. हां, आता दिसलं." त्यांनी स्क्रीनला न लावता हवेत बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चार..." बोट थांबलं. "ह्यो पाचवा घसरलाय. नीट कर त्यो."

"तो तसाच आहे. गोंदताना ती हसली होती."

"काय बी कारणं सांगती. वाकडा त्यो वाकडाच."

चार महिन्यांनी ह्यांनी माझ्या कामात चूक काढली. मला इतकं बरं वाटलं की पदर तोंडाला लावून आत निघून गेले.